किवीचा हंगाम संपेपर्यंत

फ्रिस्को, टेक्सस, १६ मार्च

सावू, बाळा,

आशीर्वाद आधी घे, रागावणं मागाहून येतंय.

तुझं ईमेल मिळालं. चार ओळींचं, त्यातल्या दोन इंग्रजी. सुखरूप पोचलीस, न्यूझीलंडमधल्या टे पुके नावाच्या गावात आहेस, हॉस्टेलच्या खोलीत आणखी पाच मुली आहेत आणि किवी तोडायचं काम मिळालं. आणि खाली, "आत्या, प्लीज डोन्ट टेल बाबा." बरं, नाही सांगत. पण तू मला कळवावंस आणि त्याला कळवू नयेस, हे काही माझ्या गळी उतरत नाही. मी त्याची थोरली बहीण आहे, तुम्हा बापलेकींची टपालपेटी नाही.

हे मी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टाइप करायला गेले की फोन माझे शब्द बदलतो, परवा त्याने सावूचा साबूदाणा केला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. रविवारच्या शाळेत बाराखडी तुला मीच शिकवली, तेव्हा अडलं तर मोठ्याने वाच. कानाला कळतं.

आता कामाचं. लायब्ररीतल्या बाईंना विचारून मी किवीबद्दल वाचून आले. द्राक्षासारखा मांडव असतो, हात वर करून तोडायचं, पोटाशी झोळी बांधायची. फळ ओलं असलं तर तोडत नाहीत. म्हणजे पाऊस आला की काम बंद, आणि काम नाही त्या दिवशी पैसेही नाहीत. याला तिकडे कॅज्युअल म्हणतात म्हणे. मी इथे गार्लंडला शिवणाच्या कारखान्यात कॉलर शिवायला जायचे, तेव्हा तिथली सुपरवायझर सकाळी आम्हांला दारात उभं करायची आणि माणसं जास्त झाली की उरलेल्यांना परत पाठवायची. त्यालाही कॅज्युअलच म्हणत. माझं इंग्रजी तेव्हा डिक्शनरीपुरतं होतं. कॅज्युअल म्हणजे आरामशीर, असा अर्थ मी काढला होता. पहिल्या आठवड्यातच आराम कळला.

म्हणून सांगते. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. कॉन्ट्रॅक्टर गोड बोलून "ठेवायला दे" म्हणाला तरी नाही. किती तास केले ते तुझं तू लिहीत जा. नखं कापलेली ठेव, फळाला नख लागलं की ते फळ गेलं. आणि मानेला रुमाल बांध, फळावरची ती लव फार खाजते म्हणतात.

तुझा बाबा, चारू, बरा आहे. ऑफिसला जातो. तू काळजी करू नकोस.

एक मात्र मला कळलं नाही. त्या 'वर्किंग हॉलिडे' विसाच्या नावात हॉलिडे हा शब्द कोणी घातला? नुसतं वर्किंग म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं! तुझ्या बाबाच्या डोक्यात तेवढंच अडकून बसलंय. "उत्तराला जाऊन पंधरा दिवस नाही झाले, ताई, आणि हिला हॉलिडे?" मी म्हटलं, अरे, तो विसा तिशीपर्यंतच्यांनाच मिळतो. पोरीने तो आईच्या, उत्तराच्या, दुखण्याआधी काढला, मग तिच्यापायी नोकरी सोडून घरी बसली, आणि त्या देशात पाऊल टाकायची मुदत संपत आली म्हणून गेली. तो म्हणाला, "मुदत." एवढंच. आणि डिशवॉशर लावायला गेला. डिशवॉशर रिकामा होता.

जेवत जा.

तुझी
अहिल्याआत्या


फ्रिस्को, १२ एप्रिल

सावू,

पत्र पोचलं, तू मोठ्याने वाचलंस आणि खोलीतल्या जर्मन मुलीला वाटलं तू पूजा करतेस, हे वाचून पोट धरून हसले. हसून झाल्यावर पुढचं वाचलं.

तिकडे पाऊस लागून राहिलाय, सलग काम नाही, म्हणून तू सकाळी हॉस्टेलचे संडास-बाथरूम धुतेस आणि बदल्यात तुला पलंग फुकट मिळतो. यात लाज कसली? उलट डोकं चालवलंस. गुरुद्वारात जेवायला जातेस तेही बरं. तिथल्या त्या हरजीतबाईंना माझा नमस्कार सांग. पण पाणी तिथे जाऊन वाढत जा, नुसतं पंगतीत बसू नकोस. तुला ते सांगायला नको म्हणा.

तू विचारलंस, "बाबा जेवतो का?" मागच्या पत्रात मी बरा आहे म्हणून मोकळी झाले होते. खरं सांगायचं तर तो दुधात सीरियल घालून ओट्याशी उभ्याने खातो. टेबलाशी बसत नाही. मी डबा घेऊन जाते, तो "ठेव" म्हणतो, मी ठेवते. दुसऱ्या दिवशी अर्धा डबा रिकामा असतो. अर्धा म्हणजे चांगलंच म्हणायचं.

गेल्या शनिवारी मंडळाचा पाडवा झाला. मी त्याला ओढून नेलं. शाळेच्या हॉलमध्ये नेहमीची गर्दी, श्रीखंडाच्या रांगेत आम्ही उभे. मंडळातली नीना आली.

"भाऊजी, आसावरी दिसली नाही?"

"न्यूझीलंडला आहे."

"अय्या, व्हेकेशन?"

मागून चारूच्या मित्राचा, अनिलचा आवाज. "व्हेकेशन कसली, वहिनी? तिने फोटो टाकलाय. किवी तोडतेय! यार चारू, डेटा अ‍ॅनालिस्ट होती ना रे ती? आपल्याकडे याला शेतमजूर म्हणतात." आणि स्वतःच हसला.

मी म्हटलं, "अनिल, तू रोज सकाळी स्मूदी पितोस ना? तुला काय वाटतं, किवी स्वतः उडी मारून मिक्सरमध्ये पडते?"

रांगेतले लोक हसले. चारूकडे बघितलं तर त्याच्या ओठाचा एक कोपरा हललेला. उत्तरा गेल्यानंतर पहिल्यांदा. मला वाटलं, जमलं.

परत येताना गाडीत मात्र वेगळंच निघालं. सिग्नलला थांबलो होतो. समोर बघत म्हणाला, "ताई, मला तिच्या कामाचं काही नाही. तिने किवी तोडावी नाहीतर रॉकेट उडवावं. पण निघताना ती येते म्हणाली नाही. 'ओके बाबा, बाय,' एवढंच. मेलबॉक्सपर्यंत जाताना येते म्हणणारी मुलगी. उत्तराने ती सवयच लावली होती तिला. आणि त्या दिवशी बॅग घेऊन 'बाय'."

मी म्हटलं, घाईत असेल. तो म्हणाला, "घाईत नव्हती. दारात उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं, आणि मग बाय म्हणाली. मी ऐकलं ना."

आणि मग जे सांगितलं ते तुला कळवल्यावाचून मला राहवत नाही. वीस मेचं तिकीट काढलंय त्याने, मुंबईचं. उत्तराच्या अस्थी माहुलीच्या संगमावर न्यायच्या आहेत, तिच्या माहेरच्या नदीत. एकटा चाललाय. मी विचारलं, सावूला कळवलंस? "गरज नाही. ज्याला परत यायचं असतं, तो तसं सांगून जातो."

त्याच्या पाठीमागे लिहिते आहे हे. तुझ्या आईला शेवटचं पोचवायला तू नसावंस, हे माझ्याच्याने बघवणार नाही. पण आधी मला खरं सांग, बाळा. दारात तोंड उघडलंस आणि मिटलंस ते का?

आत्या


फ्रिस्को, २७ एप्रिल

सावू, माझे बाई,

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. नंतर चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

तू लिहिलंस, "आत्या, आय वॉज फॉलोइंग द रूल." आई गेल्यावर घरी माणसं भेटायला येत होती. तू सगळ्यांना दारापर्यंत सोडायला जायचीस. कुणाचा तरी लहान मुलगा "येतो हं ताई" म्हणाला आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. तू नीनाला कारण विचारलंस. ती म्हणाली, माणूस गेलेल्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं. म्हणजे असल्या कारणाने परत यायची वेळ येऊ नये.

तू ते धरून बसलीस. बॅग घेऊन दारात आलीस, येते ओठांवर आलं, आणि तुझ्या मनात आलं की हे म्हटलं तर या घरात पुन्हा कुणीतरी जाईल. आणि घरात तर आता एकटा बाबाच उरलाय. म्हणून गिळलंस.

अगं वेडे.

नीनाने सांगितलं ते चूक नाही. पण अर्धं आहे. आणि उरलेलं अर्धं तुला कोणी सांगणार? ज्यांना इथे माहीत आहे ते माहीत असलेलं बोलत नाहीत, आणि तुम्हा मुलांना जेवढं कानावर पडतं तेवढंच शास्त्र वाटतं. ऐक. एक म्हणजे सुतक तेराव्याला संपलं होतं. तू निघालीस त्याच्या नंतर. आणि दुसरं म्हणजे हा रिवाज भेटायला आलेल्यांचा आहे. परक्यांचा. घरच्या माणसांना तो लागत नाही. तू त्या घरात पाहुणी होतीस का गं? तू तिथली होतीस. तू दिवसातून दहादा येते म्हणाली असतीस तरी त्या घराचं काही वाईट झालं नसतं.

मी तशीच उठून चारूकडे गेले. माझ्या लेकाला, परीक्षितला म्हटलं, मला सोड आणि परत जा, आईचं काम आहे. चारू मागच्या अंगणात खुर्ची टाकून फोन बघत बसला होता. त्याच्यासमोर उभी राहून मी सगळं सांगितलं, तुझ्या शब्दांत.

मग म्हणाला, "तेव्हाच विचारायला काय झालं होतं तिला?"

"आणि तुला? तू का नाही विचारलंस? बाप आहेस ना तिचा?"

"मी गॅरेजमध्ये होतो."

"म्हणजे?"

"ती दारात आली तेव्हा मी गॅरेजच्या दारातून बघत होतो. बाहेर नाही आलो. आलो असतो तर म्हटलं असतं, नको जाऊस. तिने आमच्यासाठी आधीच किती सोडलं होतं. म्हणून नाही आलो."

दोघांनी एकमेकांसाठी शब्द गिळले, आणि दोघांचेही घशात अडकून बसलेत. मी काय करू तुमचं?

मी म्हटलं, लाव फोन. आता लाव. तर म्हणाला, "आता नको. ती कामावर असेल. आज तिकडे ऊन आहे."

मला आधी कळलंच नाही. मग त्याच्या फोनकडे पाहिलं. त्याच्यावर दोन गावांची हवा होती. वर फ्रिस्को, खाली टे पुके. गावाचं नाव त्याला मी सांगितलेलं नाही, शपथेवर सांगते. अनिल म्हणाला त्या फोटोखाली असेल. मी विचारलं, हे रोज बघतोस? म्हणाला, "पाऊस पडला की काम नसतं ना. परवा आठवडाभर पाऊस होता. मला वाटलं, काय खात असेल?"

पण फोन नाही लावला. मी बसले होते तोवर तरी नाही. वीस मेचं तिकीट तसंच आहे.

आत्या


फ्रिस्को, ९ मे

सावू,

तू विचारतेस मी काय करू. तुझी अडचण मला समजली. आता मध्येच सोडलंस तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल, आणि बागेतलं काम तीन महिने भरलं नाही तर विसा वाढवून मिळणार नाही. पण तुझं खरं घोडं तिथे अडलेलं नाही. "बाबाने बोलावलं तर सगळं सोडून येईन," असं लिहिलंस. तिकडे तो म्हणतो, "तिला यायचं असेल तर ती विचारेल." तुमच्या दोघांच्या मध्ये मी अशी उभी आहे, जणू दोघं एकाच दारातून "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करताहेत आणि तिसऱ्याचा बाहेर जायचा रस्ता बंद.

मी तुला ये म्हणणार नाही. नको येऊस असंही नाही. तुझ्या आईने मला जे सांगितलं तेवढं सांगते. केमोच्या खुर्चीत बसली असताना ती मला तुझ्या त्या विसाबद्दल सांगायची. कुठल्या महिन्यात तिकडे काय पिकतं, सफरचंद कधी, चेरी कधी, सगळं तुझ्याकडून ऐकून पाठ केलं होतं. नर्सला म्हणाली, "माय डॉटर विल पिक फ्रूट." नर्सला वाटलं, बाई औषधाच्या गुंगीत आहे. ती गुंगीत नव्हती, तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या मुलीने आता माझ्यासाठी बसून राहू नये, एवढंच तिला म्हणायचं होतं. तेव्हा तू गेलीस म्हणून तिला सोडून गेलीस, असं मनात आणू नकोस.

हे पत्र इथेच संपवणार होते. तेवढ्यात चारू आला, म्हणून पुढे लिहिते.

तो सहसा माझ्याकडे येत नाही, मीच जाते. आज ऑफिसातून थेट आला. बूट काढले नाहीत, दारातच उभा राहिला.

"ताई, किवी कधी संपते?"

"म्हणजे?"

"तोडणी. सीझन. कधी संपतो?"

मी म्हटलं, तुझ्या मुलीला विचार. तो म्हणाला, "तू सांग ना." साठी उलटलेला माणूस, आणि लहानपणी पाटी फुटली की माझ्यामागे लपायचा तसा आवाज. मी तुझं आधीचं पत्र काढून वाचून दाखवलं. जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस आला तर थोडं पुढे.

तिथेच फोन काढला आणि तिकीट बदललं. आता एकवीस जून. एअरलाइनच्या बाईने कारण विचारलं असावं. हा म्हणाला, "फॅमिली इज ट्रॅव्हलिंग फ्रॉम न्यूझीलंड. हार्वेस्ट हॅज टू फिनिश."

हार्वेस्ट, सावू. हॉलिडे नाही म्हणाला.

मग खिशातून कुरिअरची पावती काढली. इंडियाला जायला तुझं ओसीआय कार्ड लागेल, ते इथेच त्याच्या कपाटात राहिलं होतं. दुपारीच पाठवून आला. मी विचारलं, सोबत चिठ्ठी घातलीस? "कार्ड पाठवलं ना." अरे पण दोन शब्द? "ताई, कार्ड पाठवलं ना!"

त्याला बोलता येत नाही गं. तो वस्तू पाठवतो. लहानपणापासून असाच आहे. मी त्याच्याशी अबोला धरला की माझ्या चपला पुसून ठेवायचा.

पाकीट हॉस्टेलच्या पत्त्यावर येईल. सही करून घे. पुढे काय करायचं ते मी लिहीत नाही.

आत्या


फ्रिस्को, १७ जून

सावू,

तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तो कॉल मी ऐकला, हे तुला माहीत नाही म्हणून सांगते. फोन नेहमी स्पीकरवर टाकायची त्याची सवय. स्क्रीनवर तुझं नाव पाहून त्याने हात पुसले. हात कोरडेच होते.

"बाबा?"

"हं."

मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते, हात तसेच थांबले.

"कार्ड मिळालं," तू म्हणालीस.

"हं. पाऊस थांबला ना तिकडे?"

"हो. आज ड्राय आहे."

"मग कामाला जा. उशीर होईल."

"ओके."

"शेवटचा आठवडा आहे ना? पुरा कर. अर्ध्यात सोडू नकोस. मी थांबलोय."

एवढंच. फोन ठेवून तो टेबलाशी जाऊन बसला. बसला, सावू. मी ताट वाढलं. डाळ-भात, काकडीची कोशिंबीर. सगळं जेवला आणि दुसऱ्यांदा भात मागितला. मी उगीच कोथिंबीर चिरत राहिले, कारण मागे वळून पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं आणि त्याचा घास अडला असता.

आता तुमच्या प्रवासाचं. तू ऑकलंडहून आधी पोचशील, तो डॅलसहून तुझ्यानंतर. मुंबई एअरपोर्टवर बाहेर येऊन एकाच ठिकाणी उभी राहा, फिरू नकोस, तो गोंधळेल. साताऱ्याला तुझ्या मामाची गाडी येणार आहे. माहुलीच्या गुरुजींना मी फोन केलाय. ते विचारतील, विधी कोण करणार? दोघं करणार म्हणून सांग. त्यांनी काही कुरकुर केली तर माझा नंबर दे.

मी येत नाही. गुडघा दुखतो, असं सगळ्यांना सांगितलंय. तुला खरं सांगते. मी आले तर तुम्ही दोघं माझ्याशीच बोलाल. गेले तीन महिने तेच केलंत.

त्याला ओळखायला अवघड जाईल, जरा वाळलाय. तुला बघून तो सामानाबद्दल बोलेल, ट्रॉलीबद्दल बोलेल, तुझे हात खरखरीत झालेत असं म्हणेल. म्हणू दे. तू त्याला सगळं सांगत जा, मांडवाखाली मान कशी दुखते, झोळी कशी भरते, हरजीतबाई काय म्हणतात. त्याला ऐकायचं आहे, त्याला विचारता येत नाही.

त्याच्या खांद्याला एक निळी बॅग असेल. उत्तरा त्यात आहे. विमानात वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, पायाशी ठेवायची नाही, मांडीवर घेऊन बसणार असं मला आत्ताच सांगून बसलाय. तुला वाटेल आपण घ्यावी. मागू नकोस. नुसती त्याच्या बाजूने चाल, हात मोकळा ठेवून. सातारा लांब आहे, तो थकेल, आणि मग स्वतःच तुझ्याकडे देईल.

आत्या